दारापुढचं झाड आणि कुंपणातली बाग

एप्रिल लागला, की घरात वाळवणांची गडबड सुरू होते आणि बाहेर रस्त्यावर फांद्या तोडण्याची. तारांवर आलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी उतरवल्या नाहीत, तर पहिल्याच वळवाच्या पावसात गावभर अंधार! म्हणून वीज कंपनीची आणि नगरपालिकेची माणसं शिड्या, कोयते, दोर आणि हल्ली यांत्रिक करवती घेऊन गल्लोगल्ली फिरू लागतात. काम गरजेचं आहे, यात वादच नाही. पण मैत्रिणींनो, ही माणसं येतात ती बहुधा सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला. घरातली मंडळी कामावर गेलेली, मुलं परीक्षेला नाहीतर मामाच्या गावाला. अशा वेळी दारात उभं राहून 'अहो, जरा थांबा' म्हणायला असतं कोण? आपणच! आणि संध्याकाळी 'अगं, हे काय झालं? तू विचारलं नाहीस का?' असा प्रश्न येतो तोही आपल्यालाच.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींची गोष्ट तर आणखी वेगळी. त्या घरी परततात तेव्हा फाटकापाशी फांद्यांचा ढीग, कुंड्यांचे तुकडे आणि डोक्यावर भलतंच मोकळं आभाळ!

कुंपणाबाहेरचं झाड आणि कुंपणाआतली बाग या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. त्या झाडाच्या सावलीच्या हिशेबानं आपण आत रोपं लावलेली असतात. ती सावली एका तासात गेली, की वर्षानुवर्षांचा हिशेब चुकतो. तो कमीत कमी कसा चुकेल आणि चुकलाच तर कसा सावरावा, याविषयी आज थोडं बोलू या.

एका आजींचा कडुनिंब

आमच्या गल्लीत एक आजी राहतात. त्यांच्या फाटकाबाहेर कडुनिंब आहे. घर बांधलं त्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी लावलेला, तीस-बत्तीस वर्षांचा. आत त्याच्या सावलीत विड्याचा वेल, अळू, नेचे, हळद आणि दोन कुंड्यांत ब्राह्मी. आजींचे यजमान गेल्यापासून त्यांचा सगळा जीव त्या पाच-सहा हातांच्या पट्टीत.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तारांसाठी छाटणी झाली. रस्त्याकडची बाजू बुंध्यापर्यंत साफ झाली आणि घराकडची बाजू तशीच राहिली. आठ दिवसांत विड्याची पानं कडेनं करपून तपकिरी झाली, नेचे कागदासारखे वाळले. पण खरा धोका पुढेच होता. सगळा भार एका अंगाला आलेल्या त्या झाडाची घराकडची मोठी फांदी जूनच्या वादळात मोडली आणि कुंपणाच्या भिंतीवर कोसळली. रोज संध्याकाळी त्याच भिंतीशी शेजारची मुलं खेळत. त्या दिवशी पाऊस होता म्हणून ती घरात होती, एवढंच.

आजी तेव्हा म्हणाल्या, "अगं, तोडलं याचं वाईट वाटत नाही. तारेला लागत होतं, तोडायलाच हवं होतं. पण एका शब्दानं विचारलं असतं, तर वेल मी आदल्या दिवशी उतरवून ठेवला असता. आणि दोन्ही अंगांनी सारखं करा म्हणून सांगितलं असतं."

त्यांना कोणी विचारलं नाही. पण आपणही कुठं विचारायचं, कसं विचारायचं, हे त्यांना तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. ते आधी पाहू.

झाड कोणाचं?

रस्त्याच्या कडेचं झाड आपण लावलेलं असो, उन्हाळाभर त्याला बादल्यांनी पाणी घातलेलं असो, सार्वजनिक जागेवरचं झाड सार्वजनिकच. म्हणून ते आपल्या मनानं तोडता येत नाही. पण म्हणून ज्याच्या हातात कोयता आहे त्यानं ते वाटेल तसं तोडावं, असंही नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांसाठी १९७५ पासून झाडांचं संरक्षण व जतन करणारा खास कायदा आहे. त्यानुसार नगरपालिका-महानगरपालिकांत वृक्ष प्राधिकरण असतं आणि वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. या कायद्याच्या भाषेत झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून आडवं करणं नव्हे. जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हेही त्यातच येतं. आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नसते. आपल्या कुंपणाच्या आतलं, आपल्या मालकीचं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळा मान मिळाला. तेव्हा आपल्या दारातलं झाड सासऱ्यांच्या लग्नाच्या वेळचं आहे का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा.

विजेच्या तारांचा मामला थोडा निराळा. २००३ च्या विद्युत अधिनियमाचं ६८ वं कलम सांगतं, की झाड तारेला अडथळा करत असेल तर वीज कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा सरकारनं नेमलेला अधिकारी ते काढण्याचा किंवा त्याचा अन्य बंदोबस्त करण्याचा हुकूम देऊ शकतो. पण त्याच कलमात असंही आहे, की तार टाकण्यापूर्वीपासून झाड तिथं असेल, तर त्या झाडाशी ज्याचं हित निगडित आहे त्याला वाजवी भरपाई द्यावी. नारळ, आंबा, फणस अशी उत्पन्नाची झाडं ज्यांच्या परसात आहेत आणि तार मागाहून आली आहे, त्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

अर्ज करावा थंडीत

माणसं झाडावर चढल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. ती रोजंदारीवरची माणसं, त्यांना दिवसाकाठी इतकी झाडं उरकायची असतात. बोलायचं ते आधी, आणि लेखी. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज दिला, तर छाटणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तो कोणाच्या तरी टेबलावर पोचतो. अर्ज लांबलचक नको. असा चालेल :

'मा. वृक्ष अधिकारी यांस, सप्रेम नमस्कार. आमच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला कडुनिंबाचे एक झाड आहे. त्याच्या काही फांद्या विजेच्या तारांना लागत आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांची छाटणी व्हावी. छाटणी करताना झाडाचा तोल दोन्ही बाजूंनी राखावा, शेंडा उडवू नये आणि कामाच्या आधी आम्हांस कळवावे, ही विनंती. झाडाचे सध्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे.'

खाली पूर्ण पत्ता, सही, तारीख. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर पोच म्हणून शिक्का घ्यावा. शिक्का घेतल्याशिवाय परतू नका! अशीच एक प्रत वीज कंपनीच्या जवळच्या कार्यालयात द्यावी. घर यजमानांच्या नावावर असलं तरी अर्ज आपल्या सहीनं करायला काही हरकत नाही. झाडाविषयी विनंती करायला सातबारा लागत नाही. गल्लीतल्या पाच-सात जणींच्या सह्या असल्या, तर उत्तमच. हळदीकुंकवाला सगळ्या एकत्र जमतातच, त्याच वेळी कागद फिरवावा.

छाटणी कोणी, कधी, कोणाच्या परवानगीनं केली हे मागाहून विचारायचं असेल, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. १० रुपयांचं शुल्क भरून अर्ज करायचा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं.

माणसं दारात आली की

मोटारीचा आवाज ऐकू आला, की आधी गॅस बंद करा आणि मग बाहेर या. पुढच्या गोष्टी क्रमानं पाहा.

१. कामावरचा मुकादम कोण, ते विचारा आणि त्याच्याशीच बोला. झाडावर चढलेल्या माणसाला खालून हाका मारू नका. त्याचं लक्ष विचलित झालं, तर जिवाशी खेळ.

२. कोणत्या फांद्या काढायच्या आहेत, ते हातानं दाखवायला सांगा. 'तारेच्या जवळच्या' एवढं उत्तर पुरेसं नाही. कुठून कापणार, तेही विचारा. जाड लाकडाला बाजारात किंमत येते, बारीक डहाळ्यांना येत नाही. म्हणून गरज नसता जाड फांदीला हात लागत नाही ना, इकडे लक्ष असू द्यावं.

३. वीजप्रवाह बंद केला आहे ना, याची खात्री त्यांनी केली आहे का, हे विचारायला संकोच करू नका. त्यात त्यांचाच जीव आहे.

४. कुंड्या, दोरीवरचे कपडे, वाळवणाच्या चादरी, सायकली, सगळं आत घ्या. हलवता न येणाऱ्या रोपांवर उलटी टोपली किंवा जुनी खाट आडवी घाला. वेल झाडावर चढलेला असेल, तर तो खालून सोडवून गुंडाळून जमिनीवर ठेवा.

५. झाडावर घरटं आहे का, ते पाहा. एप्रिल ते जून हा कावळ्यांचा घरटी करण्याचा काळ, आणि कोकिळा त्याच घरट्यांत अंडी घालते. पाखरांची घरटी नि अंडी यांना त्रास देणं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच धरलेलं आहे. घरट्याची फांदी तारेपासून लांब असेल, तर ती महिनाभर राहू द्या, असं म्हणता येतं. बहुतेक माणसं ऐकतात.

६. आग्या मोहोळ असेल, तर काम थांबवायला सांगा. आधी जाणकाराकडून मोहोळ हलवायला हवं. तोवर मुलं घरात आणि खिडक्या बंद.

आणि हो, उन्हात घामाघूम झालेल्या त्या माणसांना थंडगार पाणी आणि गुळाचा खडा द्या. हे लाच देणं नव्हे. दुपारच्या उन्हात पंचवीस फुटांवर लोंबकळणाऱ्या माणसाला कोणी माणुसकीनं वागवलं, तर तोही झाडाशी माणुसकीनं वागतो, असा माझा अनुभव आहे.

चांगली छाटणी कशी ओळखावी?

भाजी चिरताना देठ कुठं मोडायचा, हे जसं आपल्या हाताला कळतं, तसंच झाडाचंही आहे. फांदी जिथं खोडाला मिळते, तिथं एक किंचित फुगीर कडं दिसतं. करवत चालवायची ती या कड्याच्या अगदी बाहेरून. कडं शाबूत राहिलं, तर जखमेभोवती नवी साल गोलाकार वाढत येते. फांदी खोडाला चिकटून सपाट कापली, तर कडंच जातं आणि जखम मोठी होते. उलट हातभर खुंट ठेवला, तर तो वाळतो, कुजतो आणि कीड आत शिरते.

अमेरिकेतल्या वनखात्यात काम करणारे ॲलेक्स शायगो यांनी असंख्य झाडांची खोडं उभी-आडवी चिरून पाहिली आणि १९७७ साली त्यावर सचित्र पुस्तिका लिहिली. त्यांनी दाखवून दिलं, की माणसाची जखम जशी भरून येते, तशी झाडाची येत नाही. झाड जखमेच्या मागे भिंती उभारतं आणि कूज तिथंच कोंडून टाकतं. कुजलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही, तो आयुष्यभर आत तसाच राहतो. म्हणून प्रत्येक चुकीचा घाव झाडाच्या हिशेबवहीत कायमचा लिहिला जातो.

जड फांदी एका घावात तोडली, तर ती खाली पडताना खोडाची साल सोलून नेते. त्यासाठी तीन घाव करतात. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या अंगानं, जाडीच्या चौथाईइतका. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे फांदी साल न सोलता सुटून पडते. तिसरा उरलेला खुंट काढण्यासाठी, कड्याच्या बाहेरून. मुकादमाला हे ठाऊक असतंच. 'तीन घावांत घ्या हो,' एवढं म्हटलं तरी तो चमकून आपल्याकडे पाहतो!

सर्वांत वाईट छाटणी म्हणजे शेंडा उडवणं. तेवढ्यापुरतं झाड बुटकं दिसतं खरं. पण कापल्या जागेखालून कोंबांचा झुपका फुटतो. हे कोंब भराभर वाढून दोन-तीन वर्षांत पुन्हा तारेला टेकतात, आणि त्यांची मुळं खोडात खोल नसल्यामुळे वाऱ्यात तेच आधी मोडतात. त्यापेक्षा तारेकडे जाणारी फांदी, तारेपासून दूर वळलेल्या तिच्याच एखाद्या उपफांदीपर्यंत मागे कापावी. ही उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक-तृतीयांश जाडीची असावी. म्हणजे वाढीचा ओघ तिकडे वळतो. आणि एका वर्षी पानोऱ्याचा चौथाईहून जास्त भाग काढू नये. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. तेच मोडलं तर झाडानं जेवायचं काय?

गुलमोहराच्या बाबतीत जास्त जपावं. हे झाड मूळचं मादागास्करचं. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. एका अंगाला भार राहिला, की वादळात ते हमखास दगा देतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये तो फुललेला असतो. साताऱ्याला १ मे रोजी 'गुलमोहर डे' साजरा करण्याची प्रथा आहे, इतकं लोकांचं या झाडावर प्रेम! गुलमोहराची छाटणी थंडीत झाली, तर फांद्याही कमी पडतील आणि फुलांचा सडाही घडेल.

घाव केल्यावर डांबर किंवा तेलरंग फासण्याची पद्धत अजून कुठं कुठं दिसते. त्यानं कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. रस्त्यावरच्या मोठ्या झाडाला योग्य जागी स्वच्छ घाव हेच औषध. आपल्या परसातल्या लिंबू-आंब्यासारख्या फळझाडांना मात्र बोर्डो पेस्ट लावतात. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्यावं, लोखंडी नको. आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही!

तारेशी खेळ नको

देवपूजेची फुलं काढायला लोखंडी आकडी, ओलं अंगण आणि वर तार. हे त्रिकूट फार भयंकर. तारेजवळच्या फांदीला आकडी लावू नका. ओल्या फांदीतूनही वीज वाहते, मग काठी बांबूची असली तरी भरवसा नाही. तारेजवळची 'एवढीशी तर फांदी' मुलाला किंवा गड्याला चढवून तोडून घेऊ नका. घरापर्यंत येणाऱ्या तारेतसुद्धा २३० व्होल्ट दाब असतो, आणि खांबावरच्या सगळ्यांत वरच्या तारांत तो ११ हजार व्होल्टही असू शकतो. खालून पाहून आपल्याला फरक कळत नाही.

तार तुटून पडली, तर निदान दहा मीटर दूर राहा. जवळ उभ्या असाल, तर ढांगा टाकत पळू नका. पावलं जुळवून, जमिनीवरून घासत छोट्या छोट्या पावलांनी मागे सरका. मुलांना आवरा, गाईगुरांना हाकला आणि १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवा.

सावली गेली, आता बागेचं काय?

छाटणी झाल्यावर पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे. सावलीत वाढलेली पानं पातळ आणि नाजूक असतात. एकाएकी चैत्र-वैशाखाचं ऊन पडलं, की ती पांढुरकी होतात, मग तपकिरी. रोप मेलं असं समजून उपटू नका. करपलेली पानंही लगेच सगळी तोडू नका. त्यांच्याखालच्या कोंबांना तीच सावली देतात.

पहिलं काम म्हणजे आडोसा. चार बांबू रोवून वर जुनी सुती साडी किंवा विरविरीत गोणपाट बांधा. सकाळचं नऊपर्यंतचं ऊन आत येऊ द्या, दुपारचं अडवा. आठवड्या-आठवड्यानं आडोसा थोडा थोडा सरकवत न्या, म्हणजे रोपांना उन्हाची सवय होते. पाणी सकाळी लवकर द्या आणि मुळाशी वाळक्या पाल्याचा दोन-तीन बोटं जाड थर घाला. या दिवसांत खत मात्र नको. आजारी माणसाला कोणी पुरणपोळी वाढतं का?

विड्याचा वेल, नेचे, अँथुरियम, ब्राह्मी यांना पूर्वेच्या भिंतीशी किंवा जिन्याखाली हलवा. अळू, हळद, आलं ही मंडळी थोडी सोशिक. ओल राखली तर ती तगतात.

दुसरं काम म्हणजे उन्हाचा हिशेब. एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता बागेत कुठं कुठं ऊन आहे, ते पाहून खडूनं खूण करा. जिथं पाच-सहा तास ऊन मिळतं, तिथं आजवर न जमलेल्या गोष्टी जमतील. मोगरा भरभरून फुलेल. मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू, शेवंती यांची हौस भागवून घ्या. मात्र झाड एक-दोन वर्षांत पुन्हा सावली धरणार. म्हणून ही रोपं शक्यतो कुंड्यांत लावा, म्हणजे ऊन जाईल तशी हलवता येतील.

आणि ज्या झाडावर कुऱ्हाड चालली, त्यालाही विसरू नका. मे महिनाभर आठवड्यातून एकदा, बुंध्याशी नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली भरपूर पाणी द्या. बुंध्याभोवती सिमेंट किंवा फरशी असेल, तर निदान मीटरभर माती मोकळी करण्याची विनंती अर्जात घालावी.

पाला-फांद्या वाया घालवू नका

ढीग उचलायला गाडी लगेच येतेच असं नाही. आठवडाभर पडून राहिलेला पाला पेटवून द्यायचा मोह होतो. पण उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ सालीच मनाई केली आहे. शिवाय हिरव्या पाल्याचा धूर घरातल्या दमेकऱ्याला बाधतो तो वेगळाच. त्यापेक्षा ढिगातलं आपल्या उपयोगाचं विचारून मागून घ्या.

हिरवा पाला वीतभर, त्यावर सुका पाला तेवढाच, त्यावर पातळ शेणकाला आणि मूठ-दोन मूठ माती, असे थर खड्ड्यात किंवा जुन्या पिंपात द्यावेत. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. पंधरा दिवसांनी खालवर करावं. तीन-चार महिन्यांत खत तयार. लाकडाचा भुसा मात्र मातीत मिसळू नका, तो कुजताना रोपांचं नत्र ओढून घेतो. वाटेवर पसरा, चिखल होणार नाही. बोटाएवढ्या सरळ काठ्या घेवडा, दोडका, कारल्याच्या मांडवाला उत्तम. पण शेवगा, पांगारा, गिरिपुष्प यांच्या ओल्या काठ्या रोवाल तर पावसाळ्यात त्यांना पालवी फुटेल आणि कुंपणाऐवजी नवीच झाडं उभी राहतील! कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून धान्याच्या कोठीसाठी ठेवा. जाड ओंडके भिंतीला टेकवून रचू नका. वाळवीला ते आमंत्रणच.

शेजारधर्म सांभाळून

झाडाच्या बाबतीत सगळ्यांचं मत एक नसतं. समोरच्या वहिनींना कुरडया वाळवायला ऊन हवं असतं, कोपऱ्यावरच्या काकांची मोटार पाखरं घाण करतात, आणि पावसाळ्यात पन्हळीत पाला अडकून गळती कोणाकडे तरी होतेच. त्यांचं म्हणणं खोटं नाही. 'झाडाला हात लावायचा नाही' असं अडून बसलं, तर उद्या आपल्या पाठीमागे शेंडाच उडतो. त्यापेक्षा कोणती फांदी त्यांना अडचणीची आहे, ते एकत्र उभं राहून पाहावं. तेवढीच नेमकी काढायला लावावी. पन्हळ साफ करायचा दिवस ठरवून टाकावा. वाळवणांना आपली गच्ची देऊ करावी. एका गच्चीच्या बदल्यात एक झाड वाचत असेल, तर सौदा वाईट नाही.

त्या आजींनी पुढच्या वर्षी हेच केलं. जानेवारीत अर्ज, अकरा सह्या, शिक्क्याची पोच. फेब्रुवारीअखेर माणसं आली, आदल्या दिवशी निरोप देऊन आली. मुकादमानं आजींना खुर्चीवर बसवून फांद्या दाखवल्या. दोन आजींच्या सांगण्यावरून वाचल्या. एक मात्र तारेला खरंच टेकत होती, तिथं आजींनीच मान हलवली.

सगळ्या ठिकाणी असं होईलच, असं नाही. अर्ज पडून राहतात, माणसं न सांगता येतात. तरी कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवा : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सह्या, जानेवारीअखेर अर्ज, होळीच्या सुमाराला आठवण, पाडव्याच्या आधी वेल उतरवणं, आणि मृगाच्या आधी एकदा झाडाखाली उभं राहून तोल पाहणं. डोक्यावरचं छप्पर आपण दर वर्षी पावसाळ्याआधी तपासून घेतो. दारापुढचं झाडही घराचं छप्परच आहे, नाही का?